कपाटात नसलेले पुस्तक

दसऱ्याच्या आधीचे आठ दिवस बालाघाटावरील गावांत हिशेबाचे असतात. मुकादमाची उचल कोणाच्या अंगावर किती, बैलांना नाल केव्हा मारायची, घरी राहणाऱ्या म्हाताऱ्यांजवळ ज्वारी किती ठेवायची, या बोलण्यांतून गाव हळूहळू रिकामे होण्याच्या तयारीला लागते. बीड जिल्ह्यातील अशाच एका गावी ग्रामपंचायतीच्या जुन्या खोलीत ‘ड’ वर्गाचे सार्वजनिक वाचनालय आहे. चार लोखंडी कपाटे, एक लांब टेबल, दोन बाके, भिंतीवर ओळीने लावलेल्या तसबिरी आणि कोपऱ्यात सुतळीने बांधलेली वर्तमानपत्रांची रद्दी, एवढाच त्याचा संसार. ग्रंथपाल सायंकाळी तीन तास बसतो. उरलेला दिवस त्याचा शेतात जातो.

टोळी निघण्याच्या आदल्या सायंकाळी नववीतली एक मुलगी तेथे आली. हातात मुखपृष्ठ गेलेले एक आत्मकथन होते.

‘‘मामा, हे संगं नेऊ का? निम्मंच वाचून झालंय.’’

‘‘कुठं चाललाय फड?’’

‘‘बेळगावाकडं म्हणते आई.’’

‘‘आन् याचं कवा?’’

‘‘पाडव्याला. नाहीतर मागून.’’

पुस्तक पंधरा दिवसांत परत यावे, सभासदाने वर्गणी आणि अनामत भरलेली असावी, असा वाचनालयाचा नियम. सहा महिने गावाबाहेर राहणारी, अनामत न भरलेली मुलगी कोणत्याच रकान्यात बसत नव्हती. ग्रंथपालाने थोडा वेळ नोंदवहीकडे पाहिले आणि देवघेवीच्या पानावर स्वतःच्या पत्नीचे नाव लिहिले. ‘‘मामीच्या नावावर टाकलंय. पाण्यापासून जप,’’ एवढेच तो म्हणाला.

सार्वजनिक ग्रंथालयाचे मूल्य काय आणि त्याचा खर्च कोणी सोसावा, हे दोन्ही प्रश्न त्या खोट्या नोंदीत एकत्र आलेले आहेत. मराठी समीक्षेने मात्र ते कधी आपले मानले नाहीत. ग्रंथालयशास्त्र हे वेगळे खाते. त्याचे अभ्यासक्रम वेगळे, परिषदा वेगळ्या. गेल्या अर्धशतकात समीक्षेने वाचकाविषयी पुष्कळ लिहिले. संस्कृत काव्यशास्त्रातील सहृदय नव्याने तपासला गेला, वाचकाच्या प्रतिसादाचे पाश्चात्त्य सिद्धांत मराठीत आले, संहिता वाचनातच सिद्ध होते हे विधान पदव्युत्तर वर्गांत उत्तरपत्रिकेचे वाक्य होऊन बसले. पण या वाचकाला गाव नाही, घर नाही आणि पुस्तक त्याच्या हाती कोठून आले हे कोणी विचारीत नाही. ते त्याच्यापुढे उघडलेलेच असते. वाङ्मयाच्या समाजशास्त्राची भाषा करणारे अभ्यासकही लेखकाच्या जातिवर्गापाशी जितके रेंगाळतात तितके पुस्तकाच्या प्रवासापाशी रेंगाळत नाहीत. संहिता जर वाचनात सिद्ध होत असेल, तर बेळगावाकडच्या उसाच्या फडात कोपीत बसून झालेले वाचन हा त्या आत्मकथनाच्या अस्तित्वाचाच भाग मानावा लागेल, आणि ते शक्य करणारी खोटी नोंद ही वाङ्मयीन घटना ठरेल. सिद्धांत एकदा गंभीरपणे घेतला की तो असा अडचणीच्या जागी नेतो.

लेखन आणि वाचन यांच्यामागचा खर्च हा विषय या जिल्ह्याला नवा नाही. अंबेजोगाईला मुकुंदराजांची समाधी दाखवली जाते; त्यांचे स्थळ आंभोरे की अंबेजोगाई, ‘विवेकसिंधु’चा शक 1110 कितपत ग्राह्य, हे वाद संशोधकांना परिचित आहेत आणि येथे ते उकरण्याचे कारण नाही. त्याच गावच्या दासोपंतांची (1551–1615) गोष्ट अधिक उपयोगाची आहे. त्यांना लिहिण्यासाठी रोज एक ढबू पैशाची शाई लागे, अशी आख्यायिका आहे. तिचा उल्लेख सहसा त्यांच्या अफाट लेखनाचे माप म्हणून होतो. ‘गीतार्णवा’ची ओवीसंख्या सव्वा लाख सांगतात, तेव्हा शाईचा हिशेब ओघानेच येतो. पण लोकस्मृतीने लेखनाचे मोजमाप पैशात केले, हे तिच्यातील मर्म दुर्लक्षितच राहिले. रोजचा तो ढबू पैसा कोणीतरी देत होते. ‘पंचीकरण’ ज्या लांबलचक पासोडीवर लिहिले गेले तिचे कापड कोणीतरी विणले होते, आणि पुढे शतकानुशतके ती सांभाळणारी घरे होती. मठ, देवघर, वंशपरंपरेने पोथ्या जपणारे कुटुंब ही त्या काळची ग्रंथालये. त्यांच्यामागे इनाम होते, भिक्षा होती, श्रद्धा होती. मात्र त्यांची दारे सर्वांसाठी उघडी नव्हती. पोथी ऐकायला गाव बसे. ती हाती घेणारे हात मोजकेच आणि ठरलेल्या जातींचे. सार्वजनिक या शब्दाचे मोल कळण्यासाठी ही पार्श्वभूमी विसरून चालत नाही.

निजामी राजवटीत या शब्दाला आणखी एक धार आली. शिक्षणाचे आणि दरबाराचे माध्यम उर्दू, सभा-संमेलनांवर ‘गश्ती क्रमांक 53’चे निर्बंध, खासगी शाळा काढायची तरी परवानगीचे जाळे. अशा वेळी हैदराबाद संस्थानातील तेलुगू, मराठी आणि कानडी या तिन्ही भाषिकांनी वाचनालयाचा आश्रय घेतला. हैदराबाद शहरात 1901 मध्ये स्थापन झालेले श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम हे त्याचे ठळक उदाहरण. मराठवाड्यातही गावोगावची वाचनालये, गणेशोत्सवाची व्याख्याने आणि राष्ट्रीय शाळा यांनी मिळून राजकारणाला बंदी असलेल्या प्रदेशात राजकीय भान तयार केले. स्वामी रामानंद तीर्थ हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेतून मोमिनाबादला, म्हणजे आजच्या अंबेजोगाईला आले, त्या वेळी वृत्तपत्र एकत्र वाचणे ही साधी क्रिया नव्हती. पुणे-मुंबईकडील वाचनालयाचा इतिहास वेगळा आहे. रत्नागिरीचे वाचनालय 1828 चे, नाशिकचे 1840 चे, पुण्याचे 1848 चे. ती साहेबांच्या प्रोत्साहनाने आणि नवशिक्षितांच्या वर्गणीने उभी राहिली, आणि वर्गणी हा त्यांच्या स्वाभिमानाचा विषय राहिला. मराठवाड्यात वाचनालय प्रथमपासूनच वर्गणीपेक्षा अधिक काहीतरी मागत होते.

म्हणूनच येथे घडलेला एक योगायोग विचार करायला लावतो. हैदराबाद राज्याने 1955 मध्ये स्वतःचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा केला. पुढच्याच वर्षी, 1 नोव्हेंबर 1956 रोजी, ते राज्यच उरले नाही. त्याचे तीन तुकडे तीन राज्यांत गेले. तेलंगणाचा भाग आंध्र प्रदेशात गेला आणि तेथे मद्रासच्या 1948 च्या कायद्याशी सांधा जुळवून 1960 चा कायदा झाला. बिदर, गुलबर्गा, रायचूर म्हैसूर राज्यात गेले. तेथे 1965 चा कायदा आला. या दोन्ही कायद्यांत ग्रंथालय उपकर आहे. घरपट्टीच्या प्रत्येक रुपयामागे काही पैसे ग्रंथालयासाठी वेगळे काढावेत, ही रंगनाथन यांनी मद्रासमध्ये रुजवलेली कल्पना. तिसरा तुकडा, मराठवाडा, द्वैभाषिक मुंबई राज्यातून महाराष्ट्रात आला. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम 1967 चा. तो 1 मे 1968 पासून अमलात आला. त्यात उपकर नाही. एकाच राजवटीखाली वाचनालये काढणाऱ्या माणसांपैकी बिदरच्या माणसाच्या घरपट्टीत ग्रंथालयाचे पैसे आले. तेथून जवळच्या बीडच्या माणसाच्या पावतीत ते आले नाहीत.

महाराष्ट्राने उपकर का टाळला याचे उत्तर येथील ग्रंथालयांच्या घडणीत आहे. कोल्हापूर संस्थानाने 1945 मध्येच कायदा केला होता. मुंबई सरकारने 1939 मध्ये नेमलेल्या फैजी समितीनेही ग्रंथालयांची राज्यव्यापी रचना सुचवली होती. पण पश्चिम महाराष्ट्रातील जुनी वाचनालये लोकांनी काढलेली होती, त्यांची कार्यकारी मंडळे होती, आणि सरकारने ती ताब्यात घ्यावीत असे कोणालाही वाटत नव्हते. म्हणून कायद्याने सरकारी ग्रंथालये काढण्यापेक्षा लोकांच्या ग्रंथालयांना मान्यता आणि अनुदान देण्याचा मार्ग धरला. राज्याने ग्रंथालय निधीत दरवर्षी किमान 25 लाख रुपये घालावेत अशी तरतूद झाली. 1970 च्या नियमांनी अ, ब, क, ड असे वर्ग पाडले. ग्रंथसंख्या, सभासद, उघडे राहण्याचे तास, वृत्तपत्रे यांवरून वर्ग ठरतो आणि वर्गावरून अनुदान. या रचनेत एक उदारपणा आहे हे मान्य केले पाहिजे. खेड्यातल्या दहा माणसांनी मनात आणले तर तेथे सरकारच्या पैशाने पुस्तके येऊ शकतात आणि तरीही ती संस्था त्या दहा माणसांची राहते. कर्नाटकातील ग्रंथपाल मुख्यतः शासनाचा नोकर. महाराष्ट्रातील ग्रंथपाल गावाचा माणूस. मामीच्या नावावर पुस्तक टाकण्याची मोकळीक दुसऱ्यालाच अधिक आहे.

उदारपणाची दुसरी बाजूही तेथेच आहे. उपकराचा पैसा हक्काने येतो, अनुदान मेहेरबानीने. 2012 मध्ये अनुदानाचे दर वाढले तेव्हा ‘ड’ वर्गाला वर्षाला 30,000 रुपये ठरले, म्हणजे महिन्याला अडीच हजार. त्यात पुस्तके, वृत्तपत्रे, वीज, किरकोळ खर्च आणि ग्रंथपालाचे मानधन. पुढची दहा वर्षे तो आकडा हलला नाही. त्यानंतर वाढ झाली, पण दहा वर्षांत कागदाचे, छपाईचे आणि रोजच्या मजुरीचे भाव कोठून कोठे गेले होते. एवढ्या काळात किती ग्रंथपालांनी खुर्ची सोडली याची गणती कोणत्याही अर्थसंकल्पात होत नाही.

अनुदान वर्गावर ठरते आणि वर्ग मुख्यतः संख्येवर, यातून जे व्हायचे ते झाले. मराठवाड्यात ग्रंथालयांची संख्या लोकसंख्येच्या प्रमाणाबाहेर वाढली. त्यांतली काही फलकावर होती आणि आत नव्हती. एकाच कपाटातील पुस्तके दोन संस्थांच्या दाखल नोंदवहीत असल्याच्या गोष्टी चहाच्या टपरीवर चवीने सांगितल्या जात. मे 2012 मध्ये महसूल यंत्रणेकडून राज्यभरच्या अनुदानित ग्रंथालयांची पडताळणी झाली; अनेकांचे पितळ उघडे पडले, अनेकांची मान्यता गेली किंवा वर्ग खाली आला, आणि नव्या ग्रंथालयांना मान्यता देणे थांबले. ‘गाव तेथे ग्रंथालय’ ही घोषणा भिंतींवर राहिली. ज्यांनी खोटी वाचनालये चालवली त्यांच्याविषयी सहानुभूती बाळगण्याचे कारण नाही. पण तपासणी कशाची होते हे पाहण्यासारखे आहे. दाखल नोंदवहीतील क्रमांक आणि कपाटातील प्रत यांचा मेळ घातला जातो. ज्या वाचनालयात कोणी येत नाही तेथे हा मेळ उत्तम बसतो: पुस्तके कोरी, क्रमवार, शिक्का सुबक. ज्या वाचनालयातील पुस्तके वस्तीवर, तांड्यावर, फडावर गेलेली आहेत तेथे कपाटात भगदाडे दिसतात, देवघेवीत एकाच बाईच्या नावावर अकरा पुस्तके सापडतात आणि तपासणाऱ्याला तेथे गैरव्यवहाराचा वास येतो. पुस्तक कपाटात असणे हा त्याच्या असण्याचा पुरावा आणि नसणे हा तोट्याचा. ग्रंथ वापरासाठी असतात हे रंगनाथन यांनी 1931 मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पहिले सूत्र म्हणून मांडले. महाराष्ट्रातील लेखापरीक्षणाला ते अजून पोहोचलेले नाही. समीक्षेनेही येथे फार हसू नये. कलाकृतीला स्वायत्त, स्वयंपूर्ण वस्तू मानून तिच्या अंगभूत घटकांची मोजदाद करणारी जी समीक्षा दीर्घकाळ प्रतिष्ठित होती तिची दृष्टी या तपासनीसापेक्षा फारशी वेगळी नाही.

तेव्हा खर्चाचा प्रश्न ‘किती’ यापाशी संपत नाही. कशाच्या मोजमापावर, हे त्याहून महत्त्वाचे. उपकराची मागणी ग्रंथालय संघटना वर्षानुवर्षे करीत आहेत आणि ती रास्त आहे. महाराष्ट्राला विशिष्ट हेतूसाठी कर घेण्याचे वावडे नाही. शहरातील घरपट्टीच्या देयकावर शिक्षण कर असतो, रोजगार हमीचा कर असतो, वृक्ष कर असतो. दुष्काळातून जन्मलेल्या रोजगार हमीसाठी शहरी नोकरदाराच्या पगारातून व्यवसाय कर कापण्याची कल्पना तर याच राज्याची, आणि बीडसारख्या जिल्ह्याला तिचे महत्त्व समजावून सांगावे लागत नाही. झाडाच्या वाट्याला जे येते ते पुस्तकाच्या वाट्याला आले तर घरमालक बुडणार नाही. परंतु उपकर म्हणजे सर्व रोगांवर औषध असे मानणाऱ्यांनी शेजारी पाहावे. कर्नाटकात आणि तेलंगणात महापालिका उपकर गोळा करतात आणि ग्रंथालय खात्याकडे भरत नाहीत, ही तक्रार जुनी आहे. शिवाय घरपट्टीवरचा कर जेथे इमारती मोठ्या तेथे अधिक येतो. पाटोदा-शिरूर-वडवणीकडील ग्रामपंचायतींची घरपट्टी ती किती आणि तिच्या रुपयामागचे पैसे ते किती? जिल्ह्याचा उपकर जिल्ह्यातच राहणार असेल तर मुंबईच्या वाचनालयाला संगमरवर मिळेल आणि धारूरच्या डोंगरातल्याला वर्तमानपत्रही मिळणार नाही. उपकर राज्याच्या एका निधीत जमा होऊन तेथून गरजेप्रमाणे वाटला गेला, तरच त्याला अर्थ आहे.

बडोद्याचा जुना प्रयोग मराठी माणसाने आठवावा असा आहे. सयाजीराव गायकवाड यांनी 1910 मध्ये अमेरिकन ग्रंथपाल बॉर्डन यांना बोलावून संस्थानभर मोफत ग्रंथालयांची रचना उभी केली. खर्चाची वाटणी सोपी होती: गावाने काही रक्कम जमवली की तेवढीच स्थानिक मंडळाने आणि तेवढीच दरबाराने द्यायची. गावाचा हात त्यात गुंतलेला राहिला, पण सगळा भार गावावर पडला नाही. ज्या गावात तेवढेही जमत नाही त्याचे काय, याचे उत्तर या वाटणीत नाही, हा तिचा दोष. मात्र बडोद्याने दुसरी एक गोष्ट केली: लाकडी पेट्यांतून फिरती ग्रंथालये. पेटी गावी यायची, राहायची, बदलून दुसरी यायची. वाचकाने ग्रंथालयाकडे यावे या गृहीतकाला त्या पेटीने धक्का दिला.

महाराष्ट्रातील सारी ग्रंथालयव्यवस्था अजून स्थिर वाचक गृहीत धरते. सभासद म्हणजे गावात राहणारा, वर्षाची वर्गणी देणारा, पंधरा दिवसांनी येणारा. बीडमधून दरसाल लाखो माणसे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जातात. ज्या सहा महिन्यांत गावचे वाचनालय उघडे असते त्याच महिन्यांत त्याचे वाचक कोपीवर असतात. त्यांची मुले निम्मे वर्ष शाळेबाहेर राहू नयेत म्हणून साखरशाळा निघाल्या, गावी हंगामी वसतिगृहे आली. पुस्तकाने त्यांच्याबरोबर जावे असे मात्र कोणत्याही योजनेला सुचले नाही. ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांनी गाळलेल्या उसाच्या टनामागे 10 रुपये द्यावेत आणि तेवढेच शासनाने घालावेत, असे अलीकडे ठरले. बडोद्याच्या वाटणीचीच ही आठवण म्हणायची. त्या टनामागचे काही पैसे पुस्तकांच्या पेटीसाठी बाजूला पडले, कारखान्याच्या गेटाजवळच्या तळावर ती पेटी हंगामभर राहिली आणि हंगाम संपता गावच्या वाचनालयात परत आली, तर त्यासाठी नवा कायदा लागणार नाही. नोंदवहीत एक नवा रकाना तेवढा लागेल.

पेटीत काय ठेवायचे, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकांचा आहे आणि तो त्यांनी टाळू नये. हजार-अकराशे प्रतींच्या मराठी आवृत्तीचे मोठे गिऱ्हाईक ग्रंथालयच आहे. मार्चअखेर अनुदानाचा हप्ता आला की घाईने खरेदी होते. शासनमान्य यादीतली, जाड पुठ्ठ्याची, छापील किंमत भरपूर आणि सवलतही भरपूर अशी पुस्तके गठ्ठ्याने येतात. कोणाचे तरी संकलन, कोणाची तरी चरित्रमाला, स्पर्धा परीक्षांची मार्गदर्शके. कवितेचा संग्रह आला तर तो कवीने स्वतः आणून दिलेला असतो. सार्वजनिक पैसा अशा रीतीने मराठी प्रकाशनाचे स्वरूपच घडवीत असताना अभिरुचीच्या चर्चेत त्याचे नाव निघत नाही. विद्यापीठांतील मराठी विभागांनी प्रबंधांचे विषय निवडताना एखाद्या तालुक्याच्या वाचनालयाच्या वीस वर्षांच्या देवघेवी वाचून पाहिल्या असत्या, तर कोणते पुस्तक कोणी, कितीदा नेले आणि कोणते एकदाही हलले नाही, यावरून वाङ्मयाच्या इतिहासातील काही स्थाने हलली असती. त्या नोंदवह्या रद्दीत जात आहेत. काहींवर वाळवी आहे.

पाडव्यानंतर बारा दिवसांनी टोळी परतली. मुलगी आली नाही. तिच्या धाकट्या भावाने पुस्तक आणून टेबलावर ठेवले. पाणी लागलेले नव्हते, पण पाठीची शिवण सुटली होती आणि मधल्या पानांत पाचटाचे तुकडे होते. ‘‘ताईचं जमलं, तिकडंच,’’ असे तो सहज बोलून गेला आणि बाहेर पळाला. ग्रंथपालाने मामीच्या नावासमोर जमा अशी खूण केली, पाने झटकली, आणि मैद्याची खळ करून पाठ चिकटवायला घेतली. बांधणीसाठी त्या वर्षीच्या अंदाजपत्रकात पैसे उरले नव्हते. तपासणी पुढच्या आठवड्यात होती.